सहा देवांची

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. देवापुढे हात जोडतानाही या गोष्टीला वळसा घालूनच पुढे जात आले. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तुम्ही मला जे काही म्हणाल ते मला ऐकू येणार नाही, म्हणूनही असेल — मी पहिल्यापासून भित्रीच आहे, हे आधीच कळलेलं बरं.

कुठून सुरुवात करू? सरळ मुद्द्यावर यायला हवं, पण पाय उचलत नाही. थोडं आडवळणाने घेते. वैतागू नका.

मी जन्मले ते गाव वैनगंगेच्या पल्याडच्या जंगलात. गाव कसलं, मूठभर घरं. तेव्हा जिल्ह्याला चांदा म्हणायचे आणि आमच्या गावातल्या कोणी चांदा पाहिलेलं नव्हतं. घरात आम्ही गोंडी बोलायचो. मराठी येत होती ती बाजारापुरती — मीठ, कापड, किती, नको. आईने माझं नाव मैनी ठेवलं होतं. आई गेली, मग बापही गेला आणि मामाने मला मूल नावाच्या गावी एका मास्तरांच्या घरी आणून सोडलं. वाईट नव्हती ती माणसं. मास्तरीणबाईंनी मला जेवू घातलं, शिकवलं आणि माझं नाव सुमन केलं. पुढे वरोऱ्याला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या मुली मी झोपेत काय बरळते ते सकाळी एकमेकींना करून दाखवायच्या आणि पोट धरधरून हसायच्या. त्यांच्या तोंडून माझीच भाषा ऐकून मलाही ती हसण्यासारखीच वाटायला लागली. काय वय असेल माझं? पण वय हे काही कारण नाही. कारणं सांगायची नाहीत, असं ठरवूनच बसले आहे.

मोठी झाले ती सुमन म्हणूनच. नागपूरला दाईचं काम शिकले. कोणी गाव विचारलं की म्हणायची, मूलकडची. आडनाव मास्तरांचं लावायची. हातावर लहानपणी गोंदलेलं होतं, कोपरापासून मनगटापर्यंत. आमच्याकडचं गोंदण पाहणाऱ्याला बरोबर कळतं. म्हणून मी भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालायची. लोकांना वाटायचं, बाई मोठी मर्यादशील आहे!

आणि नशीब बघा — नेमणूक कुठे झाली? गडचिरोलीच्या पुढच्या जंगलातल्या दवाखान्यात. म्हणजे जिथून पळाले, तिथेच.

डॉक्टर नागपूरचे, तरुण, मनाने फार चांगले. हे मी आवर्जून सांगते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल आणि तो चुकीच्या माणसावर निघेल. जंगलातून येणाऱ्या लोकांशी ते हातवारे करून बोलायचे. पोट दाबायचं, कपाळाला हात लावायचा, भुवया उंचावायच्या. नमस्काराला ‘जोहार’ म्हणायला शिकले होते आणि पाण्याला ‘येर’ म्हणतात एवढं त्यांना माहीत होतं. म्हणायचे, “दुखणं काय भाषा विचारून येतं का? रडणं सगळीकडे सारखंच.” अडलं तर आमचा शिपाई होता, तो गोंडी बोलायचा. तो लोकांचं म्हणणं डॉक्टरांना सांगायचा आणि मी शेजारी उभी राहून दोन्हीकडचं ऐकायची. तो पुष्कळदा अर्धंच सांगायचा. मला कळायचं. मी गप्प. अशी सवय लागत गेली.

कंपाउंडर होते वासुदेवराव, राजुऱ्याचे. हसरे, चेष्टेखोर. त्यांच्या घरून माझ्याबद्दल विचारणं चालू होतं. त्यांच्या आईने मला एकदा पाहिलं होतं आणि परत जाताना कोणाशी तरी बोलली होती — पोरगी कामाची आहे, पण रंगरूप जंगलातलं वाटतं, नीट चौकशी करा. ते माझ्या कानावर आलं होतं. त्या दिवसापासून मी बाह्या आणखी खाली ओढायला लागले.

आता तो दिवस.

पोळा जवळ आला होता. धानाचे रोवणे, म्हणजे भातलावणी, संपत आले होते. शिपाई सणासाठी गावी गेलेला. सकाळी दवाखाना उघडला तेव्हा ओट्यावर एक बाई बसली होती, मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. किती चालून आली होती कोण जाणे, पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. पोरीचे डोळे उघडे होते, पण कशावर ठरत नव्हते. मधेच तिचं अंग ताठ व्हायचं आणि ती हातपाय झटकायला लागायची. कपाळ तापलेलं. त्या दिवसांत आमच्याकडे हिवतापाचेच रोगी यायचे, एकामागून एक. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, ताप डोक्यात गेलाय. क्विनीन टोचलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. कोणत्याही डॉक्टरने तेच केलं असतं.

बाई मात्र बोलत होती. एकसारखी, घाईघाईने, गोंडीत.

ती काय म्हणत होती, सांगू? घरात धान संपलं होतं. तिने जंगलातून कडू कंद खणून आणला होता. हा कंद तसाच खाल्ला तर विष. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, बांबूच्या टोपलीत भरायच्या आणि टोपली ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगड ठेवून बुडवून ठेवायची. पाणी कडूपण घेऊन जातं, मग उकडून खातात. ती टोपली ओढ्यात ठेवून दुसऱ्याच्या शेतावर रोवण्याला गेली. पोर भुकेली होती. तिने टोपलीत हात घातला. बाई सांगत होती — टोपली ठेवून थोडाच वेळ झाला होता, कंद धुवून व्हायचा होता, पोरीने कच्चाच खाल्ला, किती खाल्ला माहीत नाही, पोटातून काढा, तिच्या पोटातून ते काढा.

इतकं स्वच्छ सांगत होती.

आणि मला त्यातला प्रत्येक शब्द कळत होता. कळणार नाही तर काय? मी स्वतः लहानपणी अशा टोपलीत हात घातला होता आणि आईने माझ्या हातावर असा फटका मारला होता, की बोटं लाल झाली होती. का मारलं ते मला नंतर समजावलंही होतं, जवळ घेऊन.

डॉक्टर तिच्याकडे बघत होते, जीव तोडून समजून घ्यायचा प्रयत्न करत होते. त्यांना कळत नाही हे बाईच्या ध्यानात आलं. मग तिनेही हातवारे सुरू केले. पोरीच्या तोंडाकडे हात नेला, आपल्या तोंडाकडे नेला, चावल्यासारखं केलं. मग दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले — धुवायचं, असं — आणि बाहेर ओढ्याच्या दिशेने बोट दाखवलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. “भुकेली आहेत बिचारी,” म्हणाले. “आणि येर, पाणी मागते.” त्यांनी पेज मागवली. वाटी समोर आली तेव्हा बाईने ती जोराने बाजूला सारली. पेज जमिनीवर सांडली.

“काय माजोरी बाई हाय!” वासुदेवराव म्हणाले. “देऊन राह्यलो त बी नाई पाह्यजे!”

हात तोंडाकडे नेला की भूक. आपल्याला तेच सुचतं, नाही का? ज्यांच्याकडे आपण रोज उपाशीच म्हणून बघतो, त्यांचा हात तोंडाकडे गेला की आपल्याला दुसरं काही दिसतच नाही. ‘खाऊ नये ते खाल्लं’ हे सांगायलाही हात तोंडाकडेच न्यावा लागतो. डॉक्टर म्हणायचे, रडणं सगळीकडे सारखं. असेल. पण का रडतो ते रडण्यात नसतं. त्यासाठी बोलावंच लागतं आणि समोर ऐकणारं कोणीतरी असावं लागतं.

होतं की. मी होते.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “सुमनबाई, ही काय सांगते आहे, काही अंदाज येतो का?”

अंदाज. बघा, त्यांनी मला केवढी मोठी वाट काढून दिली होती! गोंडी येते असं कबूल करायचीही गरज नव्हती. नुसतं म्हणायचं — पोरीने काहीतरी खाल्लं असेल, डॉक्टर. बाईमाणसाला असा अंदाज येऊ शकतो, कोणी संशय घेतला नसता. तोंड उघडलंही होतं मी. तेवढ्यात वासुदेवराव हसून म्हणाले, “विचारा ना, सुमनबाई! तुमच्याच गावची सोयरी दिसून राह्यली.”

चेष्टा होती. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी त्यांच्याबरोबर सगळा संसार करून सांगते. ते सगळ्यांचीच अशी गंमत करायचे. पण माझ्या कानात वसतिगृहातल्या मुली हसायला लागल्या. वाटलं, आता मी काहीही बोलले, अगदी ‘अंदाज’ म्हणून बोलले, तरी ते म्हणतील — अहो, हिला कसं कळलं?

मी म्हणाले, “नाही, डॉक्टर. मला काहीच कळत नाही.”

हे खोटं तुम्हाला सांगायला मी इतकी वळणं घेतली. पण हे एवढंच असतं तर कदाचित मी स्वतःची कशीबशी समजूत काढली असती. घाबरले, चारचौघांत लाजले, क्षण निसटला — असं. खरं त्याच्या पुढेच आहे.

डॉक्टर आणि वासुदेवराव बाहेरचे रोगी बघायला गेले. आत मी, ती बाई आणि पोर. मी पट्ट्या बदलत होते. पोरीला उलटीची उबळ आली, नुसतं पाणीच पडलं, माझी बाही भिजली. मी विचार न करता बाही वर सारली.

बाईने माझा हात पाहिला. गोंदण पाहिलं. आणि ती एकदम शांत झाली. तिचा आवाजच बदलला. तिने मला विचारलं, “तू किती देवांची?”

तुम्हाला हा प्रश्न विचित्र वाटेल. आमच्यात नवीन माणूस भेटलं की हेच विचारतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांच्या देवांची संख्या सारखी, ते भाऊबहीण; ज्यांची वेगळी, त्यांच्याशी सोयरीक होऊ शकते. हे आधी ठरलं म्हणजे समोरच्याला काय म्हणायचं ते ठरतं — बहीण की नणंद की आणखी काही. ते ठरल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू कसं करणार? तुमच्याकडे आधी नाव विचारतात, गाव विचारतात. आमच्याकडे आधी नातं शोधतात, मग बोलतात.

मी काही बोलले नाही. तिला वाटलं, लाजते. मग तिनेच आधी सांगितलं, “आम्ही सहा देवांचे. माझा बाप सहा देवांचा.”

मीही सहा देवांचीच.

म्हणजे ती माझी बहीण झाली. आणि बहिणीची मुलगी आमच्यात भाची नसते, आपलीच मुलगी असते. ती पोर बरी असती, बोलती असती, तर तिने मलाही आईच म्हटलं असतं.

तेव्हा तिथे कोणी नव्हतं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. डॉक्टर नव्हते, वासुदेवराव नव्हते, हसणारं कोणी नव्हतं. मी कुजबुजून ‘सहा’ म्हणाले असते तरी चाललं असतं. तिथून बाहेर जाऊन डॉक्टरांना ‘अंदाज’ सांगितला असता तरी चाललं असतं. पोट धुवायची नळी शेजारच्या कपाटात होती. मीच ती उकळून ठेवायची.

बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

मी बाही खाली ओढली आणि म्हणाले, “मले नाई येत तुमची बोली.”

मराठीत म्हणाले. तिला मराठी येत नव्हती. पण एवढं तिला कळलं.

दुपार कलली तेव्हा पोरीला मोठी उलटी झाली. त्यात पांढऱ्या चकत्यांचे तुकडे होते. डॉक्टर ओरडले, “अरे, हे काय? काय खाल्लंय हिने?” नळी आणायला धावले, घातली, धुतलं, छाती चोळली, तोंडाने श्वास दिला. घामाने निथळत होते. मी त्यांच्या हाताखाली होते, एकेक वस्तू चटकन देत होते. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही — कामात मी फार तरबेज होते.

पोर गेली.

डॉक्टर पायरीवर जाऊन बसले. म्हणाले, “सकाळी कोणी एक शब्द सांगितला असता!” सकाळी पोट धुतलं असतं तर ती नक्की वाचली असती का? मी त्यांना ते विचारलं नाही. विचारायचा अधिकार मला नव्हता आणि उत्तर ऐकायची हिंमतही नव्हती.

पोळा झाल्यावर शिपाई परत आला आणि डॉक्टर त्याच्याकडून गोंडी शिकायला लागले. रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे. मला म्हणाले, सुमनबाई, तुम्हीही बसा, पुन्हा असं होता कामा नये. मी बसले. आईकडून शिकलेले शब्द मी नव्याने शिकल्यासारखे उच्चारायची आणि मुद्दाम चुकायची. ‘येर’ म्हणतानाही चुकायची. डॉक्टर मायेने माझा उच्चार दुरुस्त करायचे. काही महिन्यांनी ते चांगलं बोलायला लागले, आणि मी मागेच राहिले. शिपाई हसायचा — बाईंची जीभच वळत नाही म्हणायचा.

वासुदेवरावांशी माझं लग्न झालं. चौकशीत काही निघालं नाही. गोंदणाचं त्यांनी विचारलं तेव्हा लहानपणी जत्रेत गोंदवलं म्हणून सांगितलं. सुखाचा संसार झाला, हेही सांगून टाकते. शिक्षा वगैरे काही झाली नाही मला. लोक म्हणतात, देव बघतो. सहा आहेत माझे. एकानेही हाक मारली नाही.

आता राहिलेलं सांगते. सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण ते माझ्याच्याने निघत नव्हतं.

पोर गेल्यावर ती बाई तिला मांडीवर घेऊन बसली आणि रडायला लागली. आमच्यातलं रडणं नुसतं रडणं नसतं. गेलेल्या माणसाशी बोलणं असतं ते, चालीवर, पुन्हा पुन्हा तेच. डॉक्टरांना आणि वासुदेवरावांना हुंदके ऐकू आले. मला शब्द ऐकू येत होते.

ती पोरीला सांगत होती — मला बोलता आलं नाही गं. तुझ्या आईला बोलता येत नाही. तू कोणा दुसऱ्या आईच्या पोटी का नाही आलीस? तिने नीट सांगितलं असतं. इतकी चालत तुला आणलं आणि दारात येऊन माझं तोंड मुकं झालं. कंदाने नाही मारलं तुला. माझ्या तोंडाने मारलं.

मी तिच्याजवळ उभी होते. हात पुढे केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता, इतकी जवळ. एक वाक्य पुरलं असतं. पोर तर गेलीच होती, आता मी काही वाचवणार नव्हते, कोणापुढे काही सिद्ध होणार नव्हतं. तिच्या कानाशी वाकून एवढंच म्हणायचं होतं, तिच्या बोलीत — तू नीट सांगितलंस, बाई. तुझी चूक नाही.

तेवढंही मी म्हणाले नाही.

रडून झाल्यावर तिने पोरीला पाठीशी बांधलं. मग खाली बघितलं आणि सकाळी सांडलेली पेज, जी वाळून चिकटली होती, ती आपल्या पदराने पुसून काढली. मला हात जोडले. आणि ज्या वाटेने आली होती त्या वाटेने निघून गेली.

तिला बोलता आलं नाही, हे घेऊन ती घरी गेली. नवऱ्यालाही तेच सांगितलं असेल. तेच खरं मानून जगली असेल आणि म्हातारी होऊन कधीतरी तेच खरं मानून मेली असेल. तिने सगळं सांगितलं होतं, एक शब्दही न चुकता. आणि मला ते सगळं कळलं होतं.